दादाने वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं

मोरवा, भाईंदर पश्चिम
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,

मनूचा नमस्कार. गैरसमज नको, नमस्कार तुझ्या वयाला आहे, मतांना नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या पंक्तीत हातातला वडा माझ्यावर रोखून तू गर्जना केली होतीस, "आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!" मीही सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं की, तू तुझ्या साहेबांची एक तरी चूक कबूल करेपर्यंत तुझ्या घराची पायरी चढणार नाही. दोघंही शब्दाला जागलोय. साहेब अजून निर्दोष आहेत आणि मी अजून पश्चिमेला आहे. पण लिहिणार नाही असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नव्हतं. ही पळवाट मला काल भाजी निवडताना सुचली.

क्षितिजा सांगत होती की, मामाने फॅमिली ग्रुप सोडला आणि आता तो फक्त आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकतो. ऐकून फार वाईट वाटलं. सोसायटीबद्दल.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या वाचनालयात बसते, हे तुला माहीत आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बाई, हल्ली चांगलं काय आलंय?" मी त्यांना नवी चरित्रं देते, राजकारणावरची पुस्तकं देते. लोक वाचतात, सुधारतात. पण ज्याला या औषधाची सगळ्यात जास्त गरज आहे तो रुळांच्या पलीकडे राहतो. म्हणून हे पार्सल.

पुस्तकाचं नाव 'पाचव्या रांगेतला आमदार'. दगडूमास्तर नावाचा प्राथमिक शिक्षक आमदार झाला, त्याचं चरित्र. विधानसभेत बसायला पाचवी रांग, बोलायला शेवटची दोन मिनिटं, आणि तेवढ्यात त्याने मंत्र्यांना घाम फोडला. तुझे साहेबही त्यात येतात. कोणत्याही पानावर हार घातलेले नाहीत, त्यामुळे ओळखायला त्रास होईल.

पार्सलवर पत्ता लिहिताना सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "नवघरला टपालानं? तुजा भाव हाय का सरकारी हापिस हाय? रिक्षा कर न काय शिव्या द्याच्या त्या तोंडावर दे!" मी म्हटलं, सासूबाई, आम्ही शिकलेली माणसं. आम्ही शिव्या लेखी देतो.

तुझी,
मनू


मधुकुंज सोसायटी, नवघर, भाईंदर पूर्व
२७ जानेवारी २०२५

चि. मनोरमास आशीर्वाद.

एकदा दिलेले आशीर्वाद परत घेता येत नाहीत, नाहीतर विचार केला असता.

पुस्तक पोचलं. रूळ ओलांडायला त्याला आठवडा लागला. दगडूमास्तरांची राजकीय प्रगतीही याच वेगाने झाली असावी. पण मी वाचेन. न वाचता मत देणं हे तुमच्या बाजूचं वैशिष्ट्य. ते आम्ही तुमच्याकडेच राहू दिलंय.

सोबत 'लोहमुठीचा लोकनेता' पाठवतोय. साहेबांचं हे अगदी ताजं आणि अधिकृत चरित्र. याला चार प्रस्तावना आहेत आणि चारही साहेबांच्या जवळच्या माणसांनी लिहिल्यात, म्हणजे माहितगारांनी. तुला जड जाईल. हातालाही आणि मनालाही.

मी कामात आहे. इतकी वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी, दर वेळी बिनविरोध, म्हणजे लोकांचा विश्वास किती ते बघ. सध्या पार्किंगमधला दुसरा खांब वाकलाय. मधोमध पोट सुटल्यासारखा. मला स्पष्ट दिसतो, बाकी एकालाही दिसत नाही. इंजिनियर आणला. त्याने ओळंबा सोडला आणि म्हणाला, "सर, खांब सरळ है." हल्लीच्या पोरांचा दोरीवर जास्त विश्वास, अनुभवावर कमी. मी दुसरा इंजिनियर बोलावलाय.

दादा


मोरवा
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंयस की पाच-सहा ओळींत एक पान खलास. शिवाय प्रत्येक ओळ शेवटाला चढावर निघालीय. आता तू कागदावरसुद्धा ओरडायला लागलास का? विमा कंपनीत तुझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं, हे तू आम्हाला जेवताना, झोपताना आणि आंघोळीच्या रांगेत सांगितलंयस. ते अक्षर कुठे गेलं?

असो. तुझा लोहमुठवाला वाचला. साहेब जन्मले तेव्हा गावची विहीर भरली. साहेब शाळेत गेले तेव्हा गुरुजी सुधारले. पहिल्या शंभर पानांत साहेबांच्या हातून एकच चूक होते. ते पेरू चोरतात, आणि तोही एका गरीब मित्रासाठी. हा मित्र पुढे कुठेच भेटत नाही. बहुधा त्याला पेरूच पुरला.

पण एका गोष्टीसाठी मी लेखकाला मानलं. नववं प्रकरण संपतं तेव्हा साहेब एका पक्षात असतात. दहावं सुरू होतं तेव्हा दुसऱ्या. मध्ये एक पान कोरं आहे. अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक पान ते.

सासूबाईंना मात्र पुस्तक पसंत पडलं. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर ताट, ताटावर साहेब. म्हणाल्या, "दाबाला बरा हाय तुजा मंत्री."

दगडूमास्तर वाचला असशील तर लिही. नसशील तर नेहमीप्रमाणे मत तरी दे.

मनू


नवघर
८ मार्च २०२५

चि. मनूस,

तुझ्या सासूबाईंना सांग, साहेबांनी आयुष्यभर अनेकांना दाबून ठेवलं. लिंबांचा अपवाद कशाला?

दगडूमास्तर वाचून झाला. माणूस बरा आहे. पण तुझ्या लेखकाला एक प्रश्न. मास्तर गावोगाव फिरला, मोर्चे काढले, तुरुंगात गेला. घरी कोण होतं? त्याची बायको रखमा लग्न होऊन येते, दोन पानं विहिरीवरून पाणी आणते आणि गायब होते. ती सापडते थेट शेवटच्या फोटोत, तीही अर्धी, कारण पुढे कोणाचा तरी सत्कार चाललाय. पोरं कोणी वाढवली? दर निवडणुकीला कार्यकर्त्यांच्या पंगती उठल्या असं लेखक मोठ्या अभिमानाने सांगतो. तो स्वयंपाक काय मतदारसंघाने केला? ज्याच्या चरित्रात स्वतःची बायको मावत नाही, त्याने लोकांना समतेवर भाषणं द्यावीत आणि तू ती पोस्टाने पाठवावीस!

अक्षराबद्दल: मुद्दाम मोठं लिहितो. बारीकसारीक गोष्टी तुमच्या बाजूला दिसत नाहीत.

दुसरा इंजिनियरही ओळंबावालाच निघाला.

दादा


मोरवा
२१ मार्च २०२५

ती. दादास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग क्षितिजाला वाचायला दिलं. दोघींचं एकमत झालं. हे मत तुझं नाही.

वहिनी होती तोवर तिने पाण्याचा पेला हातात दिल्याशिवाय तू पाटावर बसला नाहीस. तुझ्या घरात ती ओट्याशी उभी राहून जेवायची आणि तू बाहेर देशाच्या भवितव्यावर बोलायचास. त्या तुला अचानक रखमाबाईंच्या चुलीचा पुळका? खरं सांग, कोणाचं उसनं आणलंस? परत करायच्या आधी मला त्या माणसाचं नाव कळव, मला त्याच्याशी मैत्री करायचीय.

मुद्दा मात्र बरोबर आहे. मी वाचताना माझ्या लक्षात आला नाही, याचा राग वेगळा.

नवं पुस्तक पाठवतेय, 'आदेश वरून आला'. लेखक निवृत्त सचिव. त्याने कितीतरी मंत्री येताना पाहिले आणि जातानाही पाहिले. तो म्हणतो, खुर्चीवर बसताना सगळे सारखेच दिसतात, उठताना मात्र प्रत्येक जण वेगळा. कोणी टेबलाचे खण झाडून नेले, कोणी शिपायाच्या गळ्यात पडून रडलं, एकाने तर दाराचा बोर्ड काढू दिला नाही. राजकारणावर इतकं शहाणं पुस्तक मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. सेक्रेटरी या जातीने तर वाचायलाच हवं.

मनू


नवघर
१९ एप्रिल २०२५

चि. मनूस,

संशयी स्वभाव तुला आत्याकडून आलाय. ठीक आहे, सांगतो.

समोरच्या फ्लॅटमधला अल्पेश, त्याचं नवघर रोडला वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याची बायको हेमाली. तिला मराठी सुधारायचंय. म्हणून दुपारी ती माझ्याकडे येऊन मोठ्याने वाचते आणि मी उच्चार दुरुस्त करतो. शुद्ध परोपकार. रखमाबाईचा मुद्दा तिने काढला, पण मी तो मान्य केला, म्हणजे निम्मा माझा.

तुझ्या सचिवाचं पुस्तक निम्मं झालंय. बाई वाचते कमी, थांबते जास्त. काल म्हणाली, "काका, हे मंत्री बोलतात, लोकांनी आग्रह केला म्हणून मी राहिलो. लोक म्हणजे कोण?"

म्हटलं, "कार्यकर्ते."

"आपल्या सोसायटीत तुम्हाला कोणी आग्रह केलेला?"

"एकमत होतं."

"कोणाला विचारून?"

मी तिला 'ळ'चा उच्चार शिकवायला घेतला.

पुस्तकं सुचवताना जरा जबाबदारीने सुचवत जा. आजूबाजूला माणसं राहतात.

दादा


मोरवा
६ मे २०२५

पंढरीनाथराव यांस,

काल मी नवघरला आले होते. प्रतिज्ञा मोडली नाही. मैत्रिणीकडे वास्तुशांत होती आणि भाजीबाजार तुमच्या मालकीचा नाही.

तुम्ही दुधीवाल्यापुढे उभे होतात. मी समोर, दोन हातांवर. न बोलण्याचं ठरलंय म्हणून बोलले नाही. पण हसले. दीड वर्षानंतर सख्खा भाऊ दिसला म्हणून मूर्खासारखी तोंडभर हसले. तुम्ही सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलंत. मग मान वळवलीत आणि भाजीवाल्याला विचारलंत, "भैया, ये ताजा है क्या?"

भांडण मलाही कळतं. मी तुमच्या साहेबांना काय काय म्हटलं नाही! पण तुम्ही रस्त्यात दिसलात तर मी ओळख दिली असती. ही पत्रं, ही पुस्तकं, हा टोमण्यांचा खेळ मला वाटला की आपण काहीतरी जोडतोय. तुम्हाला तो नुसता पत्ता माहीत असलेला विरोधी पक्ष वाटत असेल, तर माझी पुस्तकं परत पाठवा. वाचनालयात त्यांना मागणी आहे.

मनोरमा


नवघर
१४ मे २०२५

पाहिलं. मुद्दामच ओळख दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पुस्तकं पाठवतो.

पंढरीनाथ


मधुकुंज, नवघर
२२ जून २०२५

मनोरमाताई, नमस्ते.

मी हेमाली, काकांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. तुमचा अ‍ॅड्रेस पार्सलवरून घेतला. काकांना हे पत्र माहीत नाही. माझं मराठी शाळेतलं आहे, तर प्लीज लाल पेन लावू नका. काका बोलले तुम्ही सगळ्यांना लावता.

काकांना दिसत नाही. म्हणजे बाजूचं दिसतं, मधलं नाही दिसत. माणसाचं तोंड असतं तिथे त्यांना धूर येतो. चालतात, दूध गरम करतात, म्हणून कोणाला समजत नाही. पण अक्षर अजिबात नाही. तुमचं पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्र मीच वाचलं. उत्तर ते स्वतः लिहितात, अंदाजाने. मी बोलले मी लिहिते, तर बोलले, "मनूला माझं अक्षर माहीत आहे."

तो खांब वाकला होता ना, तो खांब नव्हता, डोळा होता. दुसरा इंजिनियरपण सरळ बोलला तेव्हा माझ्या मिस्टरांना डाऊट आला. मार्चमध्ये त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बोलले, पडद्याखाली पाणी झालंय. डाव्या डोळ्याला लेट झाला. उजवा वाचवायचा तर इंजेक्शन, डोळ्यातच, दर महिन्याला, आणि लगेच सुरू करायचं. काका बोलले, बघू. आम्ही रोज बोलतो, ते रोज बघू बोलतात. डोळ्यात सुई घालू देणार नाही बोलतात. त्यांच्या मुलाला, नीरजभाईंना पण सांगायचं नाही, कारण ते बेंगळुरूला घेऊन जातील, आणि तिकडे काका कोणाचे सेक्रेटरी नाहीत.

बाजारातलं तुमचं पत्र मी वाचलं तेव्हा काकांनी मला मध्येच थांबवलं. मग विचारलं, "ती हसली होती असं लिहिलंय?" मी बोलले, हो, तोंडभर. बोलले, "पुन्हा वाच." मी वाचलं. मग पेन मागितलं. काय लिहिलं मला दाखवलं नाही, पण ते खोटं असणार, कारण लिहून झाल्यावर जेवले नाहीत. तुमची पुस्तकं पाठवली नाहीत. कपाटात आहेत.

अजून एक. आमच्या सोसायटीचं इलेक्शन आहे आणि मी उभी राहतेय. तुमचं ते सचिवांचं पुस्तक वाचून. मला वाटलं काका ओरडतील. ओरडले नाहीत. बोलले, "उद्यापासून वाचायला येऊ नकोस." तर आता त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. हे तुमच्या पुस्तकामुळे झालं, म्हणून तुम्हाला सांगते.

हेमाली


मधुकुंजचा जिना, तिसरा मजला
२६ जून २०२५

दादा,

बेल तीनदा वाजवली. तू आतून "कोण?" विचारलंस आणि मी "मनू" म्हटल्यावर गप्प झालास. म्हणून जिन्यात बसून, अल्पेशभाईंच्या दुकानातल्या कागदावर हे लिहितेय. हेमाली तुझ्या दाराशी उभं राहून मोठ्याने वाचेल. सगळा मजला ऐकेल. तुझी पारदर्शक कारभाराची आवड मला माहीत आहे.

तू तुझ्या साहेबांची एकही चूक कबूल केलेली नाहीस. तरी मी पायरी चढलेय. ही पक्षांतराची नोंद तुझ्या चरित्रकाराने कोऱ्या पानावर करावी.

दादा, मी तुला त्या बाजारावरून वाट्टेल ते लिहिलं. आणि तू "मुद्दाम" म्हणून उत्तर दिलंस! मला आंधळा म्हण असं म्हणवलं नाही, उर्मट म्हण असं म्हणवलं. तेवढ्यासाठी तू मला महिनाभर रडवलंस. याचा हिशेब मी नंतर करीन.

उद्या सकाळी डॉक्टर. क्षितिजा गाडी आणतेय. सुईची भीती वाटते तर वाटू दे. लहानपणी देवीची लस टोचायला आले तेव्हा तू पलंगाखाली गेलास आणि मला पुढे ढकललंस. तेव्हा मी गेले होते ना? आताही बरोबर येते. फक्त या वेळी तुझ्या बदली चालणार नाही.

नीरजला मी अजून कळवलेलं नाही. हेमालीचं वाचून संपेपर्यंत दार उघडलं नाही तर इथूनच फोन लावते. याला धमकी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत हिला वाटाघाटी म्हटलंय.

मनू


नवघर
२८ सप्टेंबर २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

हेमालीला सांगून लिहवतोय. तू आठवड्यातून चारदा इथे येतेस तरी पत्र कशाला, असं विचारशील. तोंडी सांगायला लागलो की तू मध्ये बोलतेस. कागदाच्या मध्ये बोलता येत नाही. (मी पण बोलणार नाही. हेमाली.)

चौथं इंजेक्शन झालं. उजव्या डोळ्याचं पाणी ओसरतंय म्हणतात. काल मला दारावरच्या पाटीतलं 'पंढ' दिसलं. 'रीनाथ' अजून धुक्यात आहे. डाव्याची आशा सोडली. तू मार्चमध्ये असतीस तर, असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये तुला सांगायचं तोंड मलाच होतं आणि मी ते दगडूमास्तरावर खर्च केलं.

पहिल्या इंजेक्शनचं तुला सांगितलेलं नाही. टेबलावर झोपवलं, तोंडावर कापड टाकलं, डोळ्यापुरतं भोक. मी देवाचं नाव घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाहेर तुझा आवाज आला. मला आत का सोडत नाही म्हणून तू नर्सशी भांडत होतीस. त्यातही "हुकूमशाही" हा शब्द आलाच. मी मनातल्या मनात तुला उत्तर द्यायला लागलो. चांगला मुद्दा सापडला होता. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झालं काका." सुई कधी गेली मला कळलंच नाही.

निवडणुकीबद्दल आपण बोललो नाही. तू विषय टाळतेस, हे मला कळतं. हरलो. बऱ्यापैकी हरलो. मी सोसायटीला काय दिलं नाही? शिस्त दिली, दोन इंजिनियर दिले. अल्पेशने मत मला दिलं म्हणतो. (काका, खोटं बोलतोय तो. मला दिलं.) पंपाच्या खोलीच्या किल्ल्या मी नीट मोजून दिल्या. शिपायाच्या गळ्यात पडलो नाही. बोर्ड स्वतः काढला. तुझ्या सचिवाने पाहिलं असतं तर एक बरं प्रकरण झालं असतं. किल्ल्या दिल्यावर हेमाली रडली. जिंकलेल्याने रडायची पद्धत मी राजकारणात प्रथमच पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती परत वाचायला यायला लागली. मी बोलावलं नव्हतं, ती काही विचारून आली नाही. (बेल वाजवली होती.)

आता मुख्य मुद्दा.

गेल्या आठवड्यात तू 'मागच्या सीटवरचे साहेब' घेऊन आलीस. माझ्या साहेबांच्या जुन्या ड्रायव्हरने लिहिलेलं. पिशवीतून काढतानाच तुझ्या आवाजात लोणी होतं. मी ओळखलं, हिला दारूगोळा सापडला. दर खेपेला वाचायला लागलीस. साहेब ड्रायव्हरला काय बोलले, कोणाला भेटले, कुठे गाडी थांबवली. तुला फार गोडी लागली होती. साहेब शिव्या देतात ते परिच्छेद तर तू दोनदा वाचलेस, उच्चार तपासायला म्हणून.

मंगळवारी निवडणुकीतल्या पराभवाचं प्रकरण लागलं. तू वाचता वाचता थांबलीस. मग पान उलटल्याचा आवाज दोनदा आला. डोळे गेल्यापासून मला नवे कान फुटलेत, मनू. पुढचं वाक्य आधीच्याला जुळेना. मनात म्हटलं, साहेबांची स्तुती आली असणार; हिच्या घशाखाली उतरेना म्हणून गाळली. हीच यांची निःपक्षपाती वृत्ती.

तू गेल्यावर हेमालीला हाक मारली. म्हटलं, मधलं पान वाच.

तिने वाचलं. खुर्ची गेल्यावर साहेबांच्या बंगल्यावरचा फोन वाजेनासा झाला. सकाळी दोन-तीन जुनी माणसं येऊन बसत, चहा घेत, फोनकडे बघत. मग साहेब ड्रायव्हरला खुणावत. ड्रायव्हर खाली जायचा, गाडीत बसायचा आणि साहेबांना फोन लावायचा. साहेब चार वेळा वाजू देत. मग उचलून मोठ्याने म्हणत, "नाही हो, आज अजिबात वेळ नाही."

वाचून झाल्यावर हेमालीने पुस्तक मिटलं. माझा इंटरकॉम निवडणुकीपासून किती वाजतो, हे तुम्हा दोघींना माहीत आहे. (दुसऱ्या दिवशी सकाळी मी लावला होता. पंप खरंच चालू होत नव्हता.)

मनू, ते पुस्तक तू मला हरवायला आणलं होतंस ना? अख्ख्या पुस्तकात तुझ्या कामाचं तेवढं एकच पान होतं.

तुझा,
दादा


मोरवा
३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

पान चिकटलं होतं. हल्ली बांधणी फार वाईट करतात.

उद्या दुपारी येते. पुढच्या प्रकरणात तुझे साहेब पुन्हा निवडून येतात आणि गावभर मिरवणूक निघते, असं मी चाळून पाहिलंय. ते सगळं मी अत्यंत नाखुशीने, पण एकही शब्द न गाळता वाचीन.

मनू